शेंदरी धोंडा

दुष्काळी कामावर किस्से आपोआप साठतात. हात दिवसभर दगड फोडतात, तोंडाला काहीतरी काम नको का? बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गच्या अलीकडं रस्ता निघाला होता, तिथं मी हजेरी मांडायचो. आमचे निम्मे किस्से एकाच धोंड्याचे!

धोंडा बैलाएवढा, रस्त्याच्या आखणीच्या मधोमध, अंगावर शेंदरी पापुद्रे. शहरातून आलेले ओव्हरसियरसाहेब म्हणाले, "हे एक प्रकारचं दगडफूल. जिवंत असतं. पाणी घालावं लागत नाही."

म्हाताऱ्या भीवातात्यांनी मुंडासं सारखं केलं नि अदबीनं विचारलं, "साहेब, ह्याचं बियाणं कुठं मिळंल?"

*

दगडफूल म्हटल्यावर खडी फोडणाऱ्या गिरजाबाईनं खुरप्यानं दोन जागी खरवडून काळ्या मसाल्यात घातलं. साहेब कुणाच्याही भाकरीला बसायचे. आमटी भुरकून म्हणाले, "झकास! मसाला कुठला?"

"तुमीच दावलेला."

साहेब दुपारभर स्वतःची नाडी बघत बसले.

*

खरवडलेल्या दोन जागा लांबून डोळ्यांसारख्या दिसायच्या. सोनारीच्या जत्रेला निघालेली मंडळी थांबली, देव समजून नारळ फोडून गेली. झालं, दुसऱ्या दिवसापासून धोंड्याला कुणी हात लावेना. डोळे कुणाच्या खुरप्याचे, ते गिरजाबाई बोलली नाही. नुसती हसली.

साहेब घसा फोडून सांगत होते, "अहो, शेंदूर नाही तो!"

तात्या शांतपणे म्हणाले, "जित्तं हाय म्हणून तुमीच सांगितलं न्हवं?"

*

सोमवारी मोठे साहेब येणार होते. धोंडा हलला नाही तर काम बंद, आणि पुढचं काम पार परंड्याकडं. पोराबाळांसकट तिकडं कुठं जायचं?

मुकादमाला युक्ती सुचली. गिरजाबाईचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं, त्यांनी देव कधीच सोडलेले. एरवी "ए गिरजे" म्हणणारा मुकादम गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तुमचा काय ह्यो देव न्हाय. तुमी घाला घण."

कामावर पाण्याचे रांजण दोन होते. तिच्या लोकांचा वेगळा, उन्हात ठेवलेला. तिनं सावलीतल्या रांजणाकडं बोट केलं.

"त्याला शिवू देत न्हाईसा, अन् देव फोडायला आमी व्हय?"

रांजणापाशी भीवातात्या बसले होते. ते उठले, बाजूला झाले. गिरजाबाईनं तांब्या बुडवला, पोटभर पाणी प्याली. मग पुन्हा भरून तात्यांपुढं धरला.

तात्यांनी तांब्याकडं बघितलं, धोंड्याकडं बघितलं. घटाघटा प्याले, मिशा पुसल्या.

पहिला घण तात्यांनीच घातला.