पावणेचार अँपिअर

गिझरचे रॉड बनवणाऱ्या एका छोट्या शेडमध्ये मी कामाला लागले, तेव्हा दशांशाचं गणित समोर आलं की माझे हात गार पडायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गडचिरोलीकडच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची नदीपलीकडं, आणि ती नदी मी शाळेसाठी कधी ओलांडली नाही. लग्नानंतर इतक्या लांब, शहरातल्या मुकुंदवाडीत येऊन पडले. दोन वर्षं पॅकिंगला खोके चिकटवले. मग टेस्टिंग करणाऱ्या ताईंनी मला त्यांच्या टेबलावर ओढलं. का ओढलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

ताई पन्नाशीच्या. बिडकीन गावाहून रोज यायच्या. माहेरी मेंढरं होती, त्यामुळं हिशोब सगळा तोंडी. टेस्टिंग म्हणजे तसं सोपं काम. रॉड पाण्याच्या टाकीत बुडवायचा, वीज सोडायची, चिमट्यासारखा मीटर तारेभोवती अडकवून करंट, म्हणजे अँपिअर, बघायचा. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट. आमचे रॉड हजार वॅटचे. त्यामुळं मला एवढंच पाठ होतं : मीटरवर चार पूर्णांक तीनच्या आसपास आलं तर पास, नाहीतर लाल खडूची रेघ.

ताईंची एक सवय होती. प्रत्येक रॉडला आधी भिंतीवरच्या व्होल्टमीटरकडं बघून आकडा मोठ्यानं बोलायच्या. "दोनशे तीस." "दोनशे सव्वीस." मग करंट. दिवसभर हेच. मलाही तसंच करायला लावायच्या. मी बोलले की रॉडच्या आतली कॉइल गुंडाळणारे दादा लगेच म्हणायचे, "काय वहिनी, लिलाव मांडला का? दोनशे तीस एक वार, दोनशे तीस दोन वार..." सगळी शेड हसायची. ताईंना कुणी हसत नसे.

एक दिवस ताई भाच्याच्या लग्नाला गेल्या. आदल्या संध्याकाळी म्हणाल्या, "उद्या टेबल तुझं. नीट निभावलंस तर मालकांना सांगते, इथं हिलाच कायम बसवा."

ताई नाहीत म्हटल्यावर मी आकडा बोलले नाही. लाज वाटली. भिंतीकडंही बघितलं नाही. करंट तेवढा बघत गेले. सकाळभर सगळं पास. दुपारनंतर मात्र एकेक रॉड पावणेचारवर अडकू लागला. मी लाल रेघा ओढत गेले. संध्याकाळी मोजले तर बेचाळीस. रॉड एकदा बंद केला की उघडून दुरुस्त होत नाही, सरळ भंगार. मालक दादांवर असे काही चिडले की दादा त्या दिवशी माझ्याशी चेष्टेनंही बोलले नाहीत. भंगारवाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

सकाळी ताईंनी तो ढीग बघितला. एक रॉड उचलला.

"व्होल्ट किती होता?"

मी भिंतीवरच्या व्होल्टमीटरकडं बघितलं.

"बोलली नव्हतीस?"

"लाज वाटली, ताई."

त्या रागावल्या नाहीत. रॉड पाण्यात सोडला. दोनशे तीस व्होल्ट, चार पूर्णांक तीन अँपिअर. पास. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच म्हणाल्या, "थांब. अजून निकाल नाय. दुपारी बघू."

दुपारी तीनला, कालच्यासारखीच, शेजारच्या शेडमधली भट्टी सुरू झाली. आमचे दिवे जरा मंद झाले. ताईंनी मला भिंत दाखवली : दोनशे व्होल्ट. तोच रॉड पुन्हा पाण्यात. करंट तीन पूर्णांक पंचाहत्तर.

"गुण."

"साडेसातशे वॅट."

"मग ह्यो सकाळी चांगला व्हता अन् दुपारी बिघडला व्हय? आता व्होल्टला करंटनं भाग."

आता सांगावंच लागलं. "ताई, मला दशांशाचा भागाकार येत नाही."

"दशांश कुणी मागितला तुला? बाजारात ह्याला काय म्हणशील?"

"पावणेचार."

"चार वेळा पावणेचार?"

"पंधरा."

"चार वेळा दोनशे?"

"आठशे."

"आठशेत पंधरा कितीदा बसतात?"

मी बोटांवर मोजलं. त्रेपन्न वेळा, आणि थोडं उरतं. ताईंनी सकाळच्या दोनशे तीसचा भागाकारही खडूनं टेबलावर करून दाखवला : तोही तिथंच, साडेत्रेपन्नच्या जवळ.

"ह्यो रॉडचा सोताचा रेझिस्टन्स, वीज अडवायचा जोर, माय. व्होल्ट पडला की करंट पडतो, वॅट तर लई पडतो. ह्यो मात्र जागचा हलत नाय. माल चांगला का वाईट ते ह्याला इचारायचं."

शाळेत नळ, टाक्या, आगगाड्या सगळ्यांची गणितं मी घाबरत सोडवली होती. पावणेचार हे गणित असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ताईंनी त्यांच्या खुर्चीत मला बसवलं आणि उरलेले एकेचाळीस माझ्याकडून करून घेतले. प्रत्येकाला चौपट, मग भाग. पहिला धरून चाळीस चांगले निघाले. दोन खरंच बिघडलेले होते. त्यांचा आकडा सत्तरच्या पुढं. मी ओल्या फडक्यानं चाळीस रेघा पुसल्या आणि दादांच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले.

"दादा, माझं चुकलं. चाळीस चांगलेत. दोनच तुमचे."

"दोन तरी ठेवलेस, मेहेरबानी," ते म्हणाले. मान वर केली नाही, पण हसले.

मालक आले. मी बोलायच्या आत ताई म्हणाल्या, "चूक माझी. हिला गुणाकार शिकवला, भागाकार ठेवून दिला."

"पण उद्यापासून टेबलावर बसणार कोण, तुम्ही का ही?" मालकांनी विचारलं.

"ही काय, बसलीय की."

मी तर उभी होते. मालकांनी एकदा माझ्याकडं, एकदा चाळीस रॉडकडं बघितलं आणि भंगारवाल्याला फोन लावत बाहेर गेले. ताई पॅकिंगच्या बाजूला जाऊन खोके चिकटवू लागल्या. मी त्यांना त्यांची खुर्ची द्यायला गेले, तर मान न वळवता म्हणाल्या, "बस तिथंच. आजचा माल अजून राहिलाय."