पडलात तर कोणाला कळेल?

असे किस्से फार साठतात हो! सांगायला घरी कोणी नसतं, म्हणून तुम्हाला पकडलं.

मी परळच्या एका केअर ब्युरोत आहे. घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आम्ही मदतीला मावशी पाठवतो. त्याआधी मी घरी जाऊन फॉर्म भरते. शेवटचा प्रश्न, 'घरात पडलात तर कोणाला कळेल?' तो फॉर्म मुलांकडे जातो. तिथे कोणाचं नाव नसलं की मुलं वृद्धाश्रमाची चौकशी सुरू करतात. त्यामुळे तिथपर्यंत आलं की सगळे सावरून बसतात.

*

गिरगावचे साने काका. मी फॉर्म घेऊन गेले तर इस्त्रीचा शर्ट, टेबलावर पोहे, वर खोबरं! "सगळं माझं मी करतो," म्हणाले. निघताना मला कपाटामागे काठी दिसली.

"काका, ही वापरत नाही?"

"पाहुण्यांसमोर काय ती काठी!"

दारापर्यंत मात्र आले नाहीत. खुर्चीतूनच म्हणाले, "दार ओढून घ्या हं."

*

तरी त्यांच्याकडे मावशी पाठवली. आठ दिवसांत तिचा वैतागून फोन. "मॅडम, तिथे कामच नाय! मी जायच्या आधी अंथरूण घडी केलेलं, भाजी चिरलेली, दोन कप चहा तयार. म्हणतात, बस. बसून बसून माझी पाठ धरली!"

म्हटलं, "मावशी, तेच काम आहे."

"मग आधी सांगायचं ना! विणकाम घेऊन गेले असते."

*

डिलाईल रोडच्या चाळीत कांबळे आत्या राहतात. जय भीम झालं, चहा झाला, शेवटचा प्रश्न आला.

"खालच्या मालनला कळेल. माझ्या हातून पाट पडला तरी वर भांडायला येते!"

"आणि दोन दिवस काहीच आवाज झाला नाही तर?"

"तरी येते. म्हणते, आहेस का मेलीस? मला भांडायला कोण उरलंय?"

मी मालनचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'भांडण' लिहिलं. ऑफिसमध्ये साहेबांनी खोडून 'शेजारी' केलं. मला ते पटलं नाही.

*

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तोच फॉर्म स्वतःसाठी भरला, गंमत म्हणून. आंघोळ, स्वयंपाक, जिना, सगळं फर्स्ट क्लास! शेवटच्या प्रश्नापुढे ऑफिसचं नाव लिहिलं.

मग आठवलं, रविवारी ऑफिस बंद असतं.

एरवी मी हसून सोडून देते. त्या दिवशी फार एकटं वाटलं. डबा तसाच परत नेला.

*

आणि या शिवाजी पार्कच्या बर्वेबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आता जुन्या फ्लॅटमध्ये एकट्या, मुलगा सिडनीला. त्याने हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय, म्हणजे तिकडून मोबाइलवर आई दिसते.

मी शेवटचा प्रश्न विचारला. "मुलाला कळेल," बाई म्हणाल्या.

"वा! लक्ष असतं म्हणजे त्याचं."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मागच्या महिन्यात मी मुद्दाम त्या कॅमेऱ्यासमोर जमिनीवर आडवी झाले. म्हटलं, बघू या किती वेळात फोन येतो. सकाळी नऊची वेळ. त्याच्याकडे दुपार. जागाच असतो तो."

"मग?"

"अकराला उठले. दूध तापवायचं राहिलं होतं."

मी रकान्यावर टेकवलेलं पेन उचललं.

बाईंनी चष्मा चढवला आणि वर्गात दरडावावं तशा म्हणाल्या, "थांबलात का? लिहा. मुलगा."