निमा मॅडमनी विचारलेला एक प्रश्न

लग्न न केलेली ही बाई शेवटची दोन वर्षं नवऱ्याची वाट बघत होती.

आमच्या निमा मॅडम. आज सकाळी गेल्या.

नव्वदच्या दशकात सुरतच्या कॉलेजात त्या आम्हाला सायकॉलॉजी शिकवायच्या. रिसर्चसाठी उधना या गिरण्यांच्या भागातल्या खानदेशी बायकांच्या मुलाखती घ्यायच्या. टेप रेकॉर्डर घेऊन मी मागे.

मॅडम एक प्रश्न विचारून गप्प बसायच्या. मला ती शांतता सहनच व्हायची नाही, मी मध्येच तोंड उघडायचे.

बाहेर आलो की झापायच्या. "अगं, तिच्या तोंडात शब्द घालू नकोस! थांब जरा. माणूस बोलतं."

त्याआधी सरावासाठी त्यांनी माझीच मुलाखत घेतली होती. माझी आई मी चौथीत असताना गेली, ते मी सांगितलं.

"मग घरात तू कुणाशी बोलायचीस?"

त्या थांबल्या. खूप थांबल्या.

मी बोललेच नाही. शेवटी त्यांनीच टेप बंद केला.

म्हातारपणी मॅडमना विसरण्याचा आजार झाला. स्वतःचं नाव गेलं, कॉलेज गेलं. उरल्या फक्त त्या बायका.

पुण्यात वाढलेल्या मॅडम चक्क अहिराणीत म्हणायच्या, "मना मालक मिलमा गया, परत उना नही." नवरा मिलमध्ये गेला तो परत आलाच नाही, हे त्यातल्याच एका बाईचं बोलणं. आणि दाराकडे बघत बसायच्या.

खरं सांगते, अंगावर काटा यायचा.

तरी दर रविवारी जायचे. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला ओळखावं, एवढंच हवं होतं.

"मॅडम, मी सुनंदा."

नुसत्या बघायच्या.

गेल्या रविवारी मात्र एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "मी चौथीत होते. शाळेतून आले, तर आईला खाली ठेवलं होतं."

माझं वाक्य. त्या मुलाखतीतलं. जसंच्या तसं.

उठून पळावंसं वाटलं. पण तोंडातून तोच प्रश्न गेला.

"मग घरात तू कुणाशी बोलायचीस?"

आणि थांबले. या वेळी मी थांबले.

शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"आईशीच," मॅडम म्हणाल्या. "मोरीत नळ सोडून. पप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून."

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. देवाशप्पथ.

ओळखलंत ना मला, मॅडम?

आज तुमचं अंत्यदर्शन घेऊन घरी आले. अंघोळीला गेले, नळ सोडला आणि तुमच्याशी खूप बोलले.

मग नळ बंद केला.

आणि थांबले, तुम्ही शिकवलंत तसं.

अजून थांबलेय.

भावपूर्ण निरोप, मॅडम.