लिंबाला घातलेला नमुना

आमच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅन ओळीनं ठेवलेल्या असतात. निळ्या पट्टीच्या कॅनमध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रानं बाहेर टाकलेलं खारट पाणी असतं. ते फरशीला आणि संडासाला. हिरव्या पट्टीच्या कॅनमध्ये तांदूळ-डाळी धुतलेलं, पाहुण्यांच्या ग्लासात उरलेलं पाणी. ते झाडांना, आणि त्यातही आधी लिंबाला. निळ्याचं पाणी कूलरमध्ये घालायचं नाही, जाळ्यांवर क्षार बसतात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘झालं यांचं सुरू’ असं उमटलं तरी थांबत नाही. वापरलेलं पाणी परत वापरण्याजोगं कसं करायचं, हेच माझं काम आहे. इथं नागपुरातल्याच एका प्रयोगशाळेत मी ते वर्षानुवर्षं करतो आहे. बायको म्हणते, तिथं पगार घेऊन करतात आणि घरी फुकट.

गेल्या उन्हाळ्यात, नवतपा म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस चालू असताना, मी काटोलकडच्या एका गावात विहिरींचे नमुने घ्यायला गेलो होतो. विहीर तळाला गेली की पाण्यातले क्षार खरे कळतात, म्हणून हे काम ऐन उन्हातच करावं लागतं. डोक्याला दुपट्टा बांधलेला होता, ऊन लागू नये म्हणून बायकोनं खिशात कांदाही टाकला होता. पिशवीतल्या सगळ्या बाटल्या भरलेल्या होत्या, पण त्या नमुन्याच्या. शेवटच्या विहिरीपाशी माझ्या लक्षात आलं की आपल्याला घाम यायचा थांबला आहे. मग समोरचा कठडा तिरपा झाला आणि त्यापुढचं मला काही आठवत नाही.

रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात जाग आली तेव्हा ताप उतरला होता, बायको समोर होती आणि माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या.

किडनीची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. उन्हाच्या तडाख्यानं बंद पडलेल्या किडन्या कुणाच्या परत सुरू होतात, कुणाच्या होत नाहीत, आणि सुरू होण्याआधी काही इशारा देतात का, यावर तिचा स्वतःचा अभ्यास चालू होता. रक्ताचे आणि लघवीचे जास्तीचे नमुने घेऊ का, असं तिनं विचारलं. मी लगेच हो म्हणालो. जन्मभर लोकांच्या विहिरींचे नमुने घेतले, आता मीच एक नमुना झालो होतो.

“माझं काय होईल?” मी विचारलं.

“बऱ्याच जणांच्या परत येतात सर. काहींच्या नाही येत. तुमचं मी आज सांगू शकत नाही.”

खोटा धीर न दिल्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. किडन्या परत आल्या तर माणूस मोकळा, नाही आल्या तर आयुष्यभर एकाआड एक दिवस डायलिसिस. मधलं काही नव्हतं.

हॉस्पिटलातून घरी सोडलं, पण मानेत नळी तशीच ठेवून. डायलिसिससाठी त्याच हॉस्पिटलच्या सेंटरला जायचं, चार तास पडून राहायचं आणि परत यायचं. माझ्या शेजारच्या पलंगावर जरीपटका भागातले एक काका असत, कापडाचे व्यापारी. ते कित्येक वर्षं तिथं येत होते. आल्या आल्या चादर स्वतः सरळ करत, मोबाइलवर दुकानाला दोन शिव्या देत आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, “हां, तो कहाँ थे हम?” डायलिसिसला पाणी किती लागतं हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तिथं पडल्यावर ते कानानं कळलं. भिंतीपलीकडे शुद्धीकरणाचं यंत्र सतत चाललेलं आणि त्यातलं टाकाऊ पाणी नळीनं खळाळत गटारात चाललेलं. रोग्याच्या रक्ताशी त्या पाण्याचा काही संबंध आलेला नसतो. ते नुसतं खारट असतं. जागचं हलता येत नाही, मानेत नळी आणि कानावर तो खळखळाट. माझा जीव वरखाली व्हायचा. काकांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, “आप पहले खुद को देखो, नाली बाद में देखना.”

मला प्यायला पाणी मोजून होतं. किडन्या बंद म्हणजे प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही, ते अंगात आणि मग फुप्फुसात साचतं. बायको सकाळी एका लहान बाटलीत दिवसाचं पाणी भरून माझ्या उशाशी ठेवी आणि मी ते नागपूरच्या उन्हाळ्यात घोटाघोटानं पुरवी. पाण्यावर एवढं बोललो आयुष्यात, पण तहान म्हणजे काय ते मला त्या बाटलीनं शिकवलं.

अशात काटोलहून बसनं आत्या आली. माझ्या वडिलांची बहीण, आमच्या घरात आता तीच एक मोठी. संत्र्याचा बगीचा दिराच्या पोरांवर सोपवून, पिशवीभर कैऱ्या घेऊन आली होती. ऊन लागलेल्या माणसाला पन्हं, हे तिचं शास्त्र. किडनीच्या रोग्याला पन्हं चालत नाही, हे बायकोनं तिला चार वेळा समजावलं.

“असा कोणता रोग आहे वं, ज्याले पन्हं चालत नाई?” असं म्हणून तिनं कैऱ्यांचं लोणचं घातलं. मला तेही बंद होतं.

कोरोनात आत्याचा वास गेला तो परत आलाच नाही. फोडणी जळली का हे ती घरातल्या कुणालातरी विचारून ठरवते. बाकी सगळं तिचं तडफेचं. घरात कुणी आलं की शब्द बोलायच्या आधी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायचा, ही तिच्या हाडात मुरलेली सवय. मी डायलिसिसहून आलो की ती दारात ग्लास घेऊन उभी राहायची, मग आठवायचं, आणि पदर तोंडाला लावून आत वळायची. दर वेळी. एकदा मी स्वयंपाकघरात डोकावलो तर आत्या भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होती. मला दिसू नये म्हणून. मी आवाज न करता मागे फिरलो आणि खोलीत येऊन रडलो.

कॅनांची पद्धत मात्र तिला फार आवडली. त्यांच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे माझं बोलणं न कंटाळता ऐकणारी घरात ती एकटीच. “निळी फरशीले, हिरवी झाडाले,” असं म्हणत ती सकाळ-संध्याकाळ त्यांचा बंदोबस्त ठेवायची. मी खूश होतो.

मग एके दिवशी डॉक्टर म्हणाली, “सर, रक्ताचे आकडे बरे वाटतात. उद्या पूर्ण दिवसरात्रीची लघवी गोळा करा. परवा सकाळी कॅन आणा. चांगली आली तर डायलिसिस थांबवून बघू. नाही तर मग डायलिसिससाठी हाताच्या शिरेत कायमची जोडणी करायचा विचार करावा लागेल.”

त्यासाठी हॉस्पिटलनं कॅन दिली होती. मी ती उजेडात धरून बघितली आणि नापास केली. झाकण नीट बसत नव्हतं, तळाशी काहीतरी पांढुरकं होतं. मी काय नवशिका आहे? मी आमच्याच ओळीतली एक कॅन घेतली. हिरवी, कारण तिच्यात क्षार बसलेले नसतात. गरम पाण्यानं धुतली, मग प्रयोगशाळेतून आणून ठेवलेल्या शुद्ध पाण्यानं खळबळली. हिरव्या पट्टीवर पेनानं आमच्या पद्धतीनं नमुन्याची खूण आणि सुरू केल्याची वेळ लिहिली. नमुना थंड राहायला हवा म्हणून मागच्या व्हरांड्यात, सावलीत, ओल्या पोत्याखाली ठेवली.

आणि बायकोला सांगितलं, भांडं तूच ओत, मी आत बघणार नाही, आणि किती झालं ते मला सांगू नकोस. प्रयोग पूर्ण होण्याआधी आकडे बघायचे नाहीत, ही आमची शिस्त. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. बायको हो म्हणाली आणि तिनं दिवसभर चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि ती भाजी निवडत राहिली.

दुसऱ्या सकाळी ती आंघोळीला गेली. कॅन घेऊन निघायची वेळ झाली म्हणून मी हळूहळू चालत मागे गेलो. पोतं घडी करून ठेवलेलं होतं. कॅन धुऊन, उपडी करून, उन्हात वाळत घातलेली होती. आत्या लिंबाच्या आळ्याची माती सारखी करत होती.

“आत्या, या पोत्याखालची कॅन?”

“घातली ना लिंबाले. भरून ठेवली, अन् कोणाच्या ध्यानातच नाई. हिरवी पट्टी होती.”

मला राग लवकर येतो, आणि आजारपणात तो काही कमी झाला नव्हता. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तीत लघवी होती, तीच आज डॉक्टरला द्यायची होती, तिच्यावरच सगळं ठरणार होतं, हे मी ओरडून सांगितलं. आत्याच्या हातातलं खुरपं खाली पडलं. ती लिंबाकडे बघायला लागली, जणू ते परत मागून घेता येईल.

“माय वं,” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, “मले वास नाई येत गा बापा. हिरवी झाडाले, तूच सांगतलं होतं.”

खरंच होतं. ती कॅन मीच निवडली होती, पट्टीही मीच ठेवली होती आणि मी लिहिलेली खूण जगात आमच्या प्रयोगशाळेबाहेर कुणालाही वाचता येत नाही. मी पायरीवर बसलो. आत्या माझ्याजवळ येऊन बसली. तिचे दोन्ही तळवे मातीचे होते आणि ती ते एकमेकांवर चोळत होती. “एवढी जड कॅन, मले वाटलं तांदळाचं पानी साचून राहिलं,” ती स्वतःशीच पुटपुटली.

मी तिच्याकडे बघितलं. “जड होती?”

“भल्ली जड. दोन्ही हातानं धरली, तरी मधात एकदा खाली ठेवा लागली. काहून गा?”

बायको ओल्या केसांनी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे वळलो.

“जवळजवळ भरली होती,” ती म्हणाली. “कालपासून सांगायचं होतं. तुम्हीच नको म्हणाला होता.” आणि मग तिला रडू आवरेना. कसं धरून ठेवलं होतं त्या बाईनं तेवढा वेळ, देव जाणे. आत्याला अजून काही कळलं नव्हतं. किडन्या काम करायला लागल्या की आधी पाणी बाहेर टाकतात, हे मी तिला समजावलं, तेव्हा तिनं मातीच्या हातांनीच माझं तोंड कुरवाळलं.

मी रिकाम्या हातानं रामदासपेठेला गेलो आणि घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होती, मग तिनं टेबलावर डोकं टेकवलं आणि खांदे हलेपर्यंत हसली. “आत्यांच्या हातांच्या अंदाजावर मला अभ्यास लिहिता येत नाही सर. परत गोळा करा. पण आजचं डायलिसिस मी थांबवते. रक्त बघूनच थांबवते.” या वेळी मी हॉस्पिटलची कॅन निमूटपणे घेतली.

तो नमुना चांगला आला. त्यानंतरचाही आला. थोड्या दिवसांनी मानेतली नळी काढली. त्या दिवशी मी काकांच्या पलंगाजवळ गेलो. मी सुटलो होतो, ते तिथंच राहणार होते. त्यांनीच मोकळा हात पुढे केला. “जाओ भाई। और देखो, वापस मत आना।” मी मात्र गेलो परत, पण नाली बघायला. आता त्या सेंटरचं टाकाऊ पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि सगळ्या मजल्यांच्या संडासांना पुरतं. हॉस्पिटलनं आणि आमच्या प्रयोगशाळेनं मिळून ते केलं, आणि त्याची तपासणी मी करतो. काका पडल्या पडल्या कान देतात आणि म्हणतात, “आज आवाज़ नहीं आ रही, अच्छा है.”

ही माणसं मला लाभली हे माझं नशीब. आणि आतमध्ये कुणाला न कळवता परत कामाला लागलेल्या त्या दोन किडन्यांचाही मी फार आभारी आहे.

नळी काढली त्याच दिवसाचं एक राहिलं. डॉक्टर म्हणाली होती, “आता मोजू नका सर. तहान लागेल तेवढं प्या.” रिक्षानं घरी आलो. पाऊस लांबला होता, ऊन रणरणत होतं. दारात आत्या ग्लास घेऊन उभी होती, नेहमीसारखी. मला बघून तिला आठवलं आणि ती वळायला लागली.

“द्या आत्या,” मागून बायको म्हणाली.

आत्याला खरं वाटेना. तिनं ग्लास दोन्ही हातांनी पुढे केला. माठातलं पाणी होतं, काठोकाठ. मी उंबऱ्यातच उभा राहून प्यालो. मध्ये थांबलो, श्वास घेतला, परत प्यालो. दोघी बघत होत्या. आत्यानं ग्लास परत घेतला, सवयीनं आत बघितलं आणि उपडा करून पाहिला.

“लिंबाले काईच नाई ठेवलं गा तुनं,” ती म्हणाली, आणि दुसरा भरायला आत गेली.