मांडवातल्या चार खुर्च्या

तुमच्या गटाचं रेकॉर्डिंग ऐकलं. दोनदा ऐकलं, कारण पहिल्या खेपेला गाणारा कधी सुरू होतो याचीच वाट पाहण्यात सगळं संपलं. गाणारा नाहीच हे कळल्यावर मला माझा धाकटा भाऊ आठवला. त्याच्या बाज्यातही कोणी गात नसे. आपल्या घरात पूर्वी संगीत होतं का, असं तुम्ही नातवंडांनी विचारलंत. होतं. त्याचं काय झालं ते मी तुमच्या आईलाही नीट सांगितलेलं नाही. क्रमाने सांगते.

आमचं घर भिसेगावात. आबा, म्हणजे माझे वडील, सनई वाजवत. हौस म्हणून नव्हे. कोणाचंही लग्न निघालं की आमच्या लोकांनी वरातीपुढे सनई, ढोल आणि टिमकीचा खालूबाजा वाजवत चालायचं, आणि जेवायचं ते मांडवाबाहेर, सगळे उठल्यावर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वस्तीने ठराव करून हे काम बंद केलं. आबांनी सनई उल्हास नदीत सोडून दिली. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, म्हणून ठराव माझ्या अक्षरात लिहिला गेला. पुढे मी बी.ए. झाले, कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले, तरी वस्तीत माझी ओळख ठराव लिहिणारी अशीच राहिली.

भावाला मुंबईला टर्नरचं काम शिकायला पाठवलं होतं. तो एका हॉटेलातल्या गोव्याच्या मास्तरांपाशी जाऊन बसू लागला. त्यांचा नाचाचा बँड होता. सूर ठरल्या जागी आला की तिथून जरा भटकून यायचं, असं ते शिकवत. तीन वर्षांनी तो जुना सॅक्सोफोन घेऊन परतला.

"ह्ये काय आनलंस?" आबांनी विचारलं.

"सॅक्सोफोन, आबा."

"वाजतं?"

"वाजतं."

"मग नदी काय लांब नाय."

तरी त्याने गट उभा केला. रेल्वे यार्डातला एक खलाशी ड्रम वाजवी, दुसरा एक अकॉर्डियन, तिसरा ढोलकी. भाताची गिरणी बंद असेल त्या वारी ते तिथे सराव करत. सिनेमातलीच चाल घेत, पण ड्रमवाला ताल किंचित मागे ओढून धरी आणि भाऊ त्यावरून भटकून परत येई. मला त्यातलं फार कळत नव्हतं. तो परत येईपर्यंत माझा श्वास अडकायचा, एवढं खरं.

वस्तीची बैठक बसली. भाऊ म्हणाला, "मी वरातीपुढे चालणार नाही. खुर्चीवर बसून वाजवीन."

"बसून वाजव नायतर झोपून वाजव," आबा म्हणाले. "लोक वाजवणाराच म्हनत्यात."

बराच वाद होऊन अटी ठरल्या. मांडवाच्या आत चार खुर्च्या. चालायचं नाही. जेवण सगळ्यांच्या पंगतीत. मी त्या शाईने स्वच्छ लिहून काढल्या आणि सुपारी देणाऱ्या प्रत्येकाची त्या कागदावर सही घेतली जाऊ लागली.

आठ-नऊ वर्षं गट चालला. पोशीर, कळंबची लग्नं, खोपोलीच्या कारखान्यांची स्नेहसंमेलनं. एका यजमानाने सांगितलं, "आमच्याकडं सतरंजी हाय, खुर्च्या नाय." ड्रमवाला म्हणाला, "मग आमी पन नाय." तेव्हापासून ते घडीच्या चार खुर्च्या टेंपोत घालून नेत. लोक टोमणे मारत, "बाजावाले आले का कलेक्टर?" मग ऐकत बसत.

आबा कधी ऐकायला गेले नाहीत. पण प्रत्येक कार्यक्रमानंतर मला विचारत, "खुर्च्या व्हत्या?" मी हो म्हटलं की पान लावायला घेत. आणि एका उन्हाळ्यात ते आपण होऊन म्हणाले, "पुढल्या म्हैन्यात आपल्याच वस्तीत लगीन हाय. तवा ऐकीन म्हनतो." भावाने त्या दिवसापासून सराव दुप्पट केला.

त्याआधी खालापूरकडे एका लग्नाची सुपारी होती. नवरी माझी विद्यार्थिनी, म्हणून मलाही बोलावणं होतं. वरातीसाठी वेगळ्या ठरवलेल्या बँडचा टेंपो वाटेत बंद पडला. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर, आणि वाजंत्रीशिवाय वरपक्ष हलायला तयार नाही. मुहूर्त टळत आला. मुलीच्या वडिलांनी हात जोडले, ते भावापुढे नव्हे, माझ्यापुढे.

"बाई, तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील."

मला ते आवडलं. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडलं. मी वर्गातल्या आवाजात भावाला म्हणाले, "पन्नास पावलं आहेत. मुलीचा विचार कर."

"ताई, कागद तुझ्या अक्षरात आहे."

"मला माहीत आहे."

तो उठला. मागोमाग दोघे उठले. ड्रमवाला काड्या मांडीवर ठेवून बसून राहिला. भावाने वरातीची साधी चाल धरली आणि एकदाही तिच्यापासून भटकला नाही. पुढे नाचणारा एकजण ओरडला, "जोरात रं, दम नाय काय?" मी, जिला सगळे बाई म्हणत, मागून बायकांच्या घोळक्यात चालत होते.

संध्याकाळी घरी पोचलो. आबा ओट्यावर बसले होते.

"खुर्च्या व्हत्या?"

"होत्या," मी म्हणाले.

दारातून भाऊ म्हणाला, "होत्या आबा. पण मी उठलो."

कोणाच्या सांगण्यावरून, ते त्याने सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. आबा माझ्याकडे पाहत होते, कदाचित तेवढ्यासाठीच. मी चपला काढून आत गेले.

ड्रमवाला परत आला नाही. वस्तीतल्या त्या लग्नात बाज्याऐवजी लाउडस्पीकरचा कर्णा लावला होता. आबा त्या दिवशी शेतावर निघून गेले. दोन वर्षांनी ते वारले, तेव्हाही त्यांना वाटत होतं की मुलगा आपल्या मनाने उठला. भाऊ खोपोलीच्या कारखान्यात लागला. राखीला दरवर्षी यायचा, शाळेची चौकशी करायचा. त्या दिवसाबद्दल त्याने मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि मला तेच सोसत नसे.

तुम्हाला त्याची कॅसेट हवी आहे. खोपोलीच्या एका संमेलनात कोणीतरी भरलेली, एवढी एकच आहे. तुम्ही असे जुने आवाज कापून आपल्या संगीतात जोडता, हे आता मला समजलं आहे. जरूर जोडा. सुरुवातीला सॅक्सोफोन लागण्याआधी एक खुर्ची करकरते. तो नीट सरसावून बसतो आहे. ती करकर तेवढी कापू नका.