उलाळ गाडी

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत मी चार वेळा उठून रस्त्यावर डोकावून यायचो. अशा माणसाने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढावं, म्हणजे कमालच. पण जळगावात स्टेशनच्या अलीकडे माझं दुकान होतं, वर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, आणि त्या पाटीचा मला माज होता. खरं तेच सांगतो.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. घट बसले त्या दिवशी एक शेठजी स्वतः खोकं घेऊन दुकानात आले. कापसाच्या जिनिंगचे मालक, घराणं मूळ राजस्थानचं. जावयाने परदेशातून त्यांना शर्यतीची मोटार आणली होती. हातभर लांब, सेलवर पळणारी आणि बिनतारी डब्यावरून वळणारी. शेठजींची साठी उलटलेली, पण खोकं त्यांनी लहान पोरासारखं घाईघाईने उघडलं. धुळ्याला त्यांचा मेव्हणा होता, तेलाच्या गिरणीचा मालक. त्याच्याकडेही तसलीच गाडी. दसऱ्याला जिनिंगच्या आवारात दोघांची शर्यत ठरली होती. दोन्ही गाड्या एकाच लहरीवर चालायच्या, म्हणून एकामागून एक पळवायच्या आणि घड्याळ लावायचं.

"मिस्तरी, पळते झकास," शेठजी म्हणाले, "पण वळतच नाही. चाकं वळतात, गाडी सरळ भिंतीवर जाते. मेव्हणा वर्षभर हसेल मला."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी बोलून गेलो, "दसऱ्याला वळवून नाही दाखवली, तर दुकानाची पाटी उतरवतो." कुणी मागितलं होतं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दाराशी स्टुलावर आबा बसले होते, माझे वडील. आयुष्यभर त्यांनी बैलगाडी हाकली, त्याच शेठजींच्या जिनिंगला कापूस वाहिला. ट्रक आले तशी गाडी विकली, बैलही गेले. तेव्हापासून रोज सकाळी दुकानात येऊन बसत. मी मागच्या बोळात विटा मांडून गाडी पळवून पाहिली. ती विटेला वळसा न घालता सरळ गटारापर्यंत गेली. आबा म्हणाले, "भाऊ, गाडी उलाळ शे."

उलाळ म्हणजे मागे जड. गाडीत ओझं मागे जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं आणि बैलांच्या खांद्यावर नीट टेकत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी म्हणालो, "आबा, ही बैलगाडी नाही. यात रेडिओ असतो."

आबा उठले. गाडी उचलून धोतराच्या सोग्याने पुसली आणि खोक्यात ठेवली. पुढे रोज ते काम त्यांनीच घेतलं. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याला काहीतरी उद्योग मिळाला.

तिसऱ्या दिवशी वेगळंच सुरू झालं. आता गाडी वळणावर गरकन फिरायची आणि माझ्याकडेच तोंड करून उभी राहायची. काल वळत नव्हती, आज एवढी वळते! मी चाकं वळवणारी दांडी वाकवली, पुन्हा सरळ केली. स्प्रिंगा बदलल्या. पुढची चाकं थोडी आत घेतली, मग बाहेर काढली. शेवटी रेडिओचाच संशय आला म्हणून तो सगळा उसकटून परत जोडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. घरी भाकरी हातात घेऊन मी फेऱ्या मारायचो. आई म्हणायची, बस रे बाबा, तुला पाहून मलाच चक्कर येते. दुकानात रेडिओंचा ढीग साचला आणि गिऱ्हाइकांवर मी खेकसायला लागलो. शेठजी रोज संध्याकाळी डोकावत, काही विचारत नसत, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. येता-जाता नजर पाटीकडे जायची. ती उतरवताना समोरचा चहावाला काय म्हणेल, तेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

सहाव्या दिवशी मी गाडी नाकाजवळ धरून मागची चाकं बघत होतो, तर एरंडेलाचा वास आला. टायरांवर बोट फिरवलं. तुळतुळीत.

"आबा, हे काय?"

"रबर शे भाऊ," ते म्हणाले. "उन्हात तडकी जाई. म्हणून थोडं तेल लायेल शे."

बैलाच्या शिंगांना तेल, जुवाच्या वादीला तेल, आसाला तेल. गाडीची सेवा म्हणजे तेल, एवढं त्यांना ठाऊक होतं. मी रोज सकाळी चहाला गेलो की ते खिशातल्या बाटलीतून फडक्यावर थेंबभर घेऊन चाकं चोळत होते. मायेने चोळत होते, हे मला आज कळतं. त्या दिवशी माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "तुमची गाडी गेली, बैल गेले. आता माझं दुकानही घालवा."

आबांनी बाटलीला बूच लावलं, हात धोतराला पुसले आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. स्टूल मी तिथून उचललं, परत ठेवलं, पुन्हा उचललं.

स्पिरिटने टायर धुतले. गाडीचं गरकन फिरणं थांबलं, आणि ती पहिल्यासारखी सरळ गटारापर्यंत गेली. म्हणजे मूळ दुखणं जागच्या जागी होतं. तोवर खंडेनवमी उजाडली होती, दुसऱ्या दिवशी दसरा. पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं होतं, हे कळत होतं. ते मागायला घरी जाणं मात्र फार अवघड होतं. दोनदा निघालो, दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा भरदुपारी खोकं बगलेत मारून, हत्यारांचा डबा हातात घेऊन गेलो.

आबा पाटावर मांडलेल्या जुन्या चाबकाला हळद-कुंकू लावत होते. मी खोकं पुढे सरकवलं. "आबा, बघता का जरा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी घेतली, पोटाखाली मधोमध एक बोट घातलं आणि अलगद उचलली. मागचं अंग खाली गेलं आणि नाक वर आलं. "बठ्ठं वजन मांगे शे," ते म्हणाले. "बैलना खांदावर जू टेकत नही, मंग तो वळी कसा?" माझ्याच हत्यारांच्या डब्यातला आटे गेलेला एक नट त्यांनी शोधला आणि नाकाशी दोऱ्याने बांधला. पुन्हा बोटावर धरून पाहिलं. नट बोटभर मागे सरकवला. आता गाडी बोटावर आडवी, निवांत राहिली.

अंगणात तांब्या ठेवून मी गाडी पळवली. पहिल्याच फेरीला तिने तांब्याला देखणा वळसा घातला. मी नट स्क्रूने पक्का बसवला. त्या दिवशी आबांना जे बोललो होतो, त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

दसऱ्याला जिनिंगच्या आवारात माणसं जमली. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, फरशी मोकळी होती. मेव्हण्याची गाडी दुसऱ्या वळणावर भिंतीला घासली. आमची तिन्ही वळणं घेऊन शेठजींच्या चपलेशी येऊन थांबली. शेठजींनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली. मेव्हणा म्हणाला, "वा! ही अक्कल कुणाची?"

आबा फाटकापाशी उभे होते. पूर्वी कापसाची गाडी घेऊन पाळी येईपर्यंत थांबायचे, तिथेच. अंतर फार नव्हतं, ऐकू जात होतं. गाडीवानाने शिकवलं म्हणायची मला लाज वाटली.

"माझीच," मी म्हणालो.

शेठजींनी फाटकाकडे बघून हाक दिली, "ऐकलंत का? मुलगा कारागीर निघाला तुमचा."

"हो," आबा म्हणाले. "पोऱ्या हुशार शे."

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी घरी आलो. दिवसभर पाय एका जागी ठरले नव्हते. आबांच्या हातात सोनं दिलं आणि पायांवर डोकं ठेवलं. बोलायचं म्हणून वाक्यही जुळवून आणलं होतं, पण ते तोंडातून निघेना. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. हाताला अजून एरंडेलाचा वास होता.

"पाटी राहिनी ना तुनी," ते म्हणाले. "बस."

मी बराच वेळ तसाच वाकून राहिलो.