अक्काच्या सायकलचा फोर्क

"मला काय होतंय? तू बस मागं."

मी चौथीत होते तेव्हा अक्का असं म्हणाली होती. अप्पांची उंच सायकल, कैची मारत ती पुढं, मी कॅरिअरवर... आणि खटकचिंचोळीच्या शाळेकडे जाणारा चढ. तिला लागलेली धाप मला मागं ऐकू येत होती, पण ती उतरली नाही.

परवा रविवारी तिच्या अंगणात बसून तिच्या सायकलचा फोर्क तपासत होते, तेव्हा हे वाक्य आठवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी बीदरला शाळेत शिकवते. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन गावातच राहिली, शेती बघते. चाळिशी उलटल्यावर आम्ही दोघींनी माउंटन बाइक घेतल्या. गावातल्या बायका हसल्या, तर अक्का म्हणाली, "हसू दे गं, त्यांचं काय पेट्रोल जळायलंय?"

आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर तिची मनगटं दुखायची. म्हणून गेल्या वर्षी मी तिच्या सायकलचा फोर्क बदलला. पुढच्या चाकाला धरणारे ते दोन पाय... आधी आत स्प्रिंग होती, आता हवा. चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे छोट्या पंपाने ती भरायची. तिला वजन विचारून मी भरून दिली. पहिल्याच उतारावर ती ओरडली, "गादीवर बसवलीस गं मला!"

दिवाळीनंतर तक्रार सुरू झाली. "पुढचं लई कडक लागायलंय. हाताला मुंग्या यायल्यात."

मला वाटलं, धूळ गेली असेल. पुढच्या रविवारी जाऊन फोर्क उघडला, पुसला, तेल बदललं. तरी कडक. मग धूळ अडवणारे रबरी सील नवे टाकले... तरी कडकच. टायरची हवा कमी केली, हँडलच्या मुठी बदलल्या. उघडताना फोर्कमधली हवा सोडावी लागते, ती मात्र दर वेळी गेल्या वर्षीच्या आकड्यालाच भरत होते.

खरं सांगू, मी रमले होते त्यात. अक्का पायरीवर बसून बघायची आणि टोमणे मारायची. "बाळंतिणीला लागत न्हाई एवढं तेल तुझ्या फोर्कला लागायलंय!"

मध्ये मी आमचा दोघींचा फोटो इथे टाकला होता, आठवतोय? अक्का काय बारीक झाली, डाएट सांगा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी लिहिलं होतं. मीही तिला म्हटलं, सायकल मानवली गं तुला... ती नुसती हसली.

परवा ठरवलं, सगळं पहिल्यापासून बघू. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी रिंग असते. ती खाली सरकवायची, माणसाने अलगद सायकलवर बसायचं, अलगद उतरायचं. वजनाने फोर्क जेवढा दबेल तेवढी रिंग वर सरकते.

अक्का भिंतीला हात टेकून सायकलवर बसली. "उतरू का आता? का आरती ओवाळणार हायस?" उतरली. रिंग जवळजवळ होती तिथेच होती.

पंप लावून पाहिलं. काटा गेल्या वर्षी ठेवला होता तिथेच. हवा तेवढीच... फोर्कमध्ये बिघाड नव्हताच कधी.

मग थोडी थोडी हवा सोडत गेले. सोडायची, तिला बसवायचं, रिंग बघायची... शेवटी रिंग हवी तिथे आली. अक्का फाटकापर्यंत एक चक्कर मारून आली आणि खुशीत म्हणाली, "आता बरं झालं बघ. कळलं एकदाचं तुला."

फोर्कच्या पायावर किती वजनाला किती हवा, याचा तक्ता छापलेला असतो. आताच्या हवेसमोर जे वजन होतं, ते माझ्या दहावीतल्या लेकीचं आहे.

"अक्का, वजन किती आहे तुझं?"

"तेवढंच की. कामून विचारायलीस?"

तिच्या बांगड्यांकडे लक्ष गेलं. एकेकाळी साबण लावून चढवाव्या लागायच्या त्या... आता हात वर केला की थेट कोपरापर्यंत घसरत होत्या.

मी दवाखान्याचं नाव काढलं तशी ती उठली. "तूर निघू दे, मग बघू." दारात जाऊन थांबली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आईला नेलं तवाच निघालं ना समदं. त्यापरीस न्हाई नेलेलं बरं हुतं."

आमची आई अशीच वाळत गेली होती. आम्ही नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. अक्काला मात्र त्यातला दवाखानाच लक्षात राहिलाय...

बीदरला परत येताना गाडीत एकच विचार. कितीतरी रविवार मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. ती सांगत होती, कडक लागतंय, हात दुखतायत... आणि मी तिच्याकडे पाठ करून सील बदलत होते. एकदा मान वळवून नीट बघितलं असतं तरी पुरलं असतं. दिवाळीपासूनचा वेळ माझ्यामुळे गेला, याचं काय करू कळत नाही.

अक्का, तू हे वाचशील. माझ्या पोस्टला पहिलं लाइक तुझंच असतं. असं चारचौघांत लिहिलं म्हणून चिडशील... चीड. पण फोनवर तू विषय बदलतेस आणि समोर असलीस की उठून आत जातेस.

गुरुवारी कलबुर्गीला डॉक्टरांची वेळ घेतलीय. सकाळी मी गाडी घेऊन येते. तुरीकडे एक दिवस भावजी बघतील. नुसतं तपासायला रक्त द्यायचं, आणि मी शेजारीच बसणार.

न्हाईच म्हणशील, ठाऊक आहे मला. तरी... चल ना गं माझ्यासोबत.